उशाकडची शिवण

मी एक जुना स्ट्रेचर आहे आणि जन्माचा भित्रा आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या, मित्रांनो. नाहीतर तुम्ही म्हणाल, पडलेल्याला उचलून नेणारा हा एवढा धीराचा गडी, आणि शिट्टी वाजली की याचे दांडे का थरथरतात?

मैदानावर चेंडूची सगळे वाट बघतात. माझी वाट कोणीच बघत नाही. मी दिसलो की आया तोंडावर पदर घेतात आणि मोठमोठे खेळाडू मान वळवतात. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण मलाही तसेच वाटते. नव्वद मिनिटे भिंतीला टेकून उभे राहावे आणि कोणीही आपल्याला हात लावू नये, यासारखे सुख माझ्या जातीला दुसरे नाही.

माझा जन्म ताडपत्री शिवण्याच्या एका दुकानात झाला. ट्रकवर टाकायची आच्छादने, तंबू, दुकानांपुढची छते असा तिथला सगळा जाडजूड संसार. तिथे एक बाई कामाला होती. दुकानात सगळे तिला ताई म्हणत, अगदी मालकसुद्धा, आणि मालक तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होता. ताईने माझे कापड कापले, दांडे घालायला दोन्ही कडांना नळ्या शिवल्या, तीन पट्टे लावले. यंत्राचे काम झाल्यावर तिने दाभण घेतला आणि दोऱ्याला मेण लावून माझ्या उशाकडची बाजू हाताने पुन्हा शिवायला घेतली.

"यंत्राची शिवण आहे की," मालक म्हणाला.

"असू दे. शुद्ध हरपलेलं डोकं फार जड असतं," ताई म्हणाली.

मी तेव्हा जेमतेम अर्ध्या दिवसाचा होतो. जगातले पहिले ज्ञान मला मिळाले ते हे. तेव्हापासून मी भितो आहे.

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ तिला न्यायला आला. दारातून आत यायला त्याला वाकावे लागले. तो देशाच्या फुटबॉल संघात मधला बचावपटू होता आणि संघात त्याला सगळे खांब म्हणत. आई-वडील गेल्यावर ताईनेच त्याला वाढवले होते. मी त्याच्याच संघाच्या मैदानावर जाणार हे ऐकून त्याला गंमत वाटली.

"म्हणजे घरचंच झालं की," तो म्हणाला आणि माझ्यावर आडवा व्हायला निघाला.

"ऊठ. आधी ऊठ तिथून," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मी हे कुणासाठीही शिवीन, तुझ्यासाठी नाही. तू याच्यावर कधी झोपायचं नाहीस."

"बरं बाई, नाही झोपणार."

"हसू नकोस. शब्द दे."

त्याने शब्द दिला. तिने उशाकडे दोऱ्याची दुसरी ओळ घातली, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

मैदानावर मला प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या कोठीत जागा मिळाली. शेजारी गोलाच्या जाळ्या, कोपऱ्यातली निशाणे आणि चुन्याच्या रेघा मारायची गाडी. कोठीत अंधार आणि उंदीर. जाळ्यांना उंदरांचे काही वाटत नाही, त्यांना आधीच भोके असतात. मी मात्र रात्रभर कान टवकारून असे. भिंतीपलीकडे पहारेकऱ्याची खोली होती आणि तिथल्या टीव्हीचा आवाज हीच काय ती सोबत.

मला उचलायला दोन सख्खे भाऊ होते, थोरला आणि धाकटा. एरवी ते लोकांचे घरसामान हलवत. अरुंद जिन्यांवरून कपाटे, फ्रिज, एकदा तर पियानोसुद्धा. थोरला पुढे, धाकटा मागे. "कपाट असो नाहीतर माणूस, भिंतीला घासायचं नाही," एवढा एकच नियम थोरल्याला ठाऊक होता आणि तो पुरेसा होता.

त्या दिवसांत ते धावत, बरे का मित्रांनो. शिट्टी वाजली, पंचांचा हात वर झाला की दोघे मला घेऊन सुसाट निघत. संघाच्या डॉक्टरबाई त्यांच्याही पुढे. डॉक्टरबाई बुटक्या आणि जाड होत्या, पण त्यांना पळताना पाहून कोणाची हसायची छाती होत नसे. माझ्यावर एकदा नडगी मोडलेला एक जण आला. आईला हाक मारत होता. एकाचा खांदा निखळला होता, तो शिव्या देत होता. दर वेळी मला वाटे, आता नळी फाटेल, आता दांडा मोडेल. दर वेळी निभावले. नंतर डॉक्टरबाई माझ्या कापडावर थाप मारून म्हणत, "चांगलं शिवलंय." मग पुढचे दोन दिवस मी कमी भीत असे.

मग पात्रता फेरी आली.

आपला देश लहान आहे. खंडाच्या मोठ्या स्पर्धेत तो कधीच गेला नव्हता. आमच्या गटात चार देश होते. प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. पहिले दोन देश पुढे जाणार. परक्या देशात मला नेत नसत, तिथे त्यांचा स्ट्रेचर असतो. म्हणून पहिला सामना मी भिंतीपलीकडून ऐकला. चार गोल खाल्ले. प्रत्येक गोलाला पहारेकऱ्याची खुर्ची करकरत होती. शेवटी त्याने टीव्ही बंद केला आणि नुसताच बसून राहिला.

आपल्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी मी मैदानात निघायच्या बोगद्यात उभा होतो. संघ तिथेच ओळीने उभा राहतो. तेव्हा मला कळले की मी एकटाच भित्रा नाही. कप्तान कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओकून आला. भिंगरी नावाचा चपळ आघाडीवीर एरवी सगळ्यांच्या टोप्या उडवायचा, तो भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होता. आणि मास्तर, म्हणजे प्रशिक्षक, सगळ्यांना "घाबरू नका" असे इतक्या वेळा सांगत होते की नुसते ऐकूनच माणसाला धडकी भरावी. आणखी चार गोल बसले तर लोक रस्त्यात काय बोलतील, याची ती भीती होती. ती दुखापतीच्या भीतीपेक्षा मोठी असते हे मला तोवर माहीत नव्हते.

त्या सामन्यात नशिबाने आपला एक गोल झाला. शेवटची मिनिटे चालली होती आणि समोरचे नुसते चालून येत होते. तेवढ्यात भिंगरीच्या पोटरीत खरोखरच गोळा आला. भाऊ मला घेऊन धावले, पण घाईत एक दांडा नळीतून निसटला. दांडा पुन्हा घालेपर्यंत, भिंगरीला चढवेपर्यंत, बाहेर नेईपर्यंत समोरच्यांचा सगळा जोर ओसरला. पंचांनी घड्याळ पाहिले आणि सामना संपवला. आपण जिंकलो. लोक नाचले. मास्तर मात्र नाचले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघा भावांना बोलावले.

"काल जे चुकून झालं, ते आता ठरवून करायचं," ते म्हणाले. "आपण पुढे असलो की एकेकाने पडायचं. तुम्ही सावकाश यायचं, सावकाश न्यायचं. आणि कुठेही पडला तरी आपल्या बाकापर्यंत आणायचं, जवळच्या रेषेबाहेर ठेवायचं नाही."

"पण मास्तर, माणूस दुखावलेला असला तर?" धाकट्याने विचारले.

"दुखावलेला असेल तर कळेलच की."

मित्रांनो, त्यांनी त्याचा सरावसुद्धा केला. खोटे वाटेल, पण रिकाम्या मैदानावर भिंगरी माझ्यावर पडून विव्हळे आणि दोघे भाऊ मला घेऊन चालत. "इतकं हळू नको, संशय येतो," मास्तर लांबून सांगत. "मानाने चाला. पाहुण्याला पोचवायला निघाल्यासारखं." थोरला त्यात फार तयार झाला. सामान हलवणाऱ्याला सावकाश चालायला कोणी कधी सांगत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चालीचे कौतुक होत होते.

भिंगरी निघता निघता मागच्या धाकट्याला डोळा मारायचा. मग पडणारा प्रत्येक जण डोळा मारू लागला. ती खूणच ठरून गेली. डोळा मारला म्हणजे सारे काही ठीक आहे.

डॉक्टरबाई संतापल्या. "मास्तर, मी डॉक्टर आहे. तुमच्या नाटकात पळायला येणार नाही. बाहेर आणा, मग बघते." आणि त्या बाकावर जाऊन बसल्या. बाई खऱ्या होत्या. पण त्या दिवसापासून कोणी पडला तरी त्या बसूनच राहू लागल्या, आणि ते मास्तरांना सोयीचेच पडले.

पडायला नकार दिला तो एकट्या खांबाने.

"अरे, तू पडलास तर तुला उचलण्यातच दोन मिनिटं जातील," मास्तर म्हणाले.

"नाही जमणार, मास्तर. ताईला शब्द दिलाय."

सगळे खो खो हसले. पुढे कित्येक दिवस पोरे त्याला "ताईला विचारून ये" म्हणत होती. बाकीचे सामन्याआधी शुभ म्हणून मला हात लावून जात, तो मात्र बोगद्यात माझ्यापासून अंग चोरून जाई. मला तोच सर्वांत आवडायचा. आम्ही दोघे एकाच बाईच्या धाकात होतो.

आपल्या मैदानावरचा दुसरा सामनाही तसाच जिंकला. लोक आता हसून टाळ्या वाजवत, "पालखी आली, पालखी आली" म्हणून ओरडत. मास्तरांनी माझ्या दांड्यावर हात ठेवून पत्रकारांना सांगितले की हा आमचा बारावा गडी. इतकी वाहवा माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. पण त्याच सामन्यात एक गोष्ट घडली. भिंगरी घाईघाईने उलटा झोपला. उशाकडे त्याचे बूट आले आणि बुटाखालचे खिळे ताईच्या शिवणीत अडकले. त्याने पाय ओढला. टच्च असा एक बारीक आवाज झाला. तो मला एकट्यालाच ऐकू आला.

एक टाका तुटला की शेजारचा एकटा पडतो. सरावात रोज कोणीतरी बुटांसकट माझ्यावर चढत होते. आधी एक ओळ गेली, मग दुसरी ओळ निम्मी गेली. कोठीत अंधारात मी पडून असे आणि उशाकडून वारा आत येतो आहे असे मला वाटे.

धाकट्याच्या ते एकदा लक्षात आले. "दादा, इथे उसवलंय बघ. ताईंकडे टाकून येऊ का?"

"येऊ की. ही मॅच होऊ दे," थोरला म्हणाला. "झोपणार कोण वर? भिंगरीच ना? त्याला गच्चीवरून टाकला तरी मांजरासारखा चार पायांवर पडेल."

धाकटा हसला. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी काय काय बोललो असतो. पण वस्तूंना बोलता येत नाही. त्यांना फक्त फाटता येते, आणि ते नेमके नको त्या वेळी.

परक्या मैदानांवर आणखी एक सामना गमावला आणि एकात बरोबरी झाली. शेवटचा सामना आपल्याकडे होता. हिशेब सोपा होता. बरोबरी झाली तरी आपण दुसरे येऊन पुढे जाणार, हरलो तर घरी.  बोगद्यात कप्तान पुन्हा ओकला. मैदान गच्च भरले होते आणि आपल्या बाकाच्या मागेच, खालून तिसऱ्या पायरीवर, ताई बसली होती. भावाचा सामना ती बघायची म्हणजे खरे तर मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत बसायची.

दोन्हीकडे एकेक गोल झाला होता. सामना संपत आला तसे समोरचे पुन्हा पुन्हा चालून येऊ लागले. मास्तरांनी बदली खेळाडू सगळे वापरून टाकले. भिंगरी दोनदा पडला, मग कप्तान पडला. आम्ही मानाने गेलो, मानाने आलो. पंच रागाने लाल झाले होते. भिंगरी तिसऱ्यांदा पडला, तेव्हा त्यांनी मास्तरांना बोट दाखवून घड्याळावर टकटक केले. वाया गेलेला सगळा वेळ शेवटी धरणार, असा त्याचा अर्थ.

मग कोपऱ्यावरून चेंडू आला. आमच्या बाकापासून सर्वांत लांबच्या टोकाला, आपल्याच गोलासमोर, खांब डोके लावायला उडाला. समोरचाही उडाला. दोन डोकी आपटल्याचा आवाज मला तिथून ऐकू येणे शक्य नव्हते, पण मला तो ऐकू आला असेच वाटते. समोरचा कपाळ धरून बसला. खांब उभाच्या उभा मागे गेला आणि पडला.

कप्तान त्याच्याजवळ गेला. तो त्याच्या कानाशी काय बोलला ते त्यानेच नंतर दवाखान्यात रडत रडत सांगितले. तो म्हणाला होता, "शाबास रे. आज शिकलास. पडून राहा, उठू नकोस."

पंचांनी वाकून पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी वैतागून आमच्याकडे हात केला. डॉक्टरबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. लोक हसायला लागले, "पालखी, पालखी". दोघा भावांनी मला उचलले आणि ते निघाले, सावकाश, शिकवल्याप्रमाणे. निघता निघता मी पाहिले, सगळ्या हसणाऱ्या लोकांत एकच बाई उभी राहिली होती. ताई. तिला ठाऊक होते की तो उगाच झोपणार नाही. ती ओरडत होती आणि वाट काढत पायऱ्या उतरत होती. त्या गोंगाटात तिचे कोणाला ऐकू जाणार?

आमचा रस्ता संपता संपेना. माझे सगळे कापड भीतीने ताठ झाले होते. पोचल्यावर त्यांनी त्याला उचलून माझ्यावर ठेवले आणि मला कळून चुकले.

नाटक करणारा माणूस कितीही सैल पडला तरी कुठेतरी स्वतःला धरून असतो. मान थोडी उचललेली, पोट आवळलेले. खांबाने काहीच धरले नव्हते. त्याने सगळे माझ्यावर सोडून दिले होते. त्याचे डोके उशाकडच्या शिवणीवर आले आणि ताईचे वाक्य मला आठवले.

थोरला पुढे तोंड करून चालू लागला. धाकटा मागे, त्याच्या डोक्याशी.

थोड्या वेळाने धाकटा म्हणाला, "दादा, हा डोळा मारत नाहीये."

"नवखा आहे. त्याला कुठं माहीत?"

"दादा, डोळा अर्धा उघडाच आहे याचा."

"चालत राहा. मास्तर बघतायत."

एक टाका गेला. मग आणखी एक. खांबाच्या घशातून घरघर येऊ लागली, पाणी संपत आलेल्या नळासारखी. त्याचा हात माझ्यावरून घसरला आणि खाली लोंबू लागला. लोक अजून हसत होते.

"दादा, पळ," धाकटा म्हणाला. मोठ्याने नाही. ज्या आवाजात त्याने आजवर भावाला कधी काही सांगितले नव्हते, अशा आवाजात म्हणाला.

थोरल्याने मागे वळूनही पाहिले नाही. तो पळत सुटला.

मित्रांनो, मी आयुष्यभर भ्यालो, पण ते सगळे भ्यायचे शिकणे होते. खरी भीती त्या पळण्यात होती. प्रत्येक पावलाला डोके वर उडून शिवणीवर आदळत होते आणि प्रत्येक वेळी माझी उसवण वाढत होती. टच्च. टच्च. ते थांबले तर त्याचा श्वास थांबेल, आणि पळत राहिले तर मी फाटून त्याचे डोके जमिनीवर जाईल. मी उरलेल्या टाक्यांना हाका मारत होतो. एकेका टाक्याला. थोडे थांबा, थोडे थांबा.

मैदानातले हसू अचानक थांबले. लोकांनी या दोघांना कित्येक महिन्यांत पळताना पाहिले नव्हते. डॉक्टरबाईंनी मान वळवली, आमचे पळणारे पाय पाहिले, आणि त्यांना दुसरे काहीच सांगावे लागले नाही. त्या बाकावरून उठल्या त्या थेट आमच्याकडे. बुटक्या, जाड, तोंडाने काहीतरी ओरडत. त्या पोचल्या तेव्हा माझ्या उशाला पंजाएवढे भगदाड पडले होते. त्यांनी त्यात दोन्ही हात घातले, खांबाचे डोके तळव्यांवर तोलून जबडा पुढे ओढून धरला आणि तशाच तिरक्या पळत राहिल्या. घरघर थांबली. श्वास आला.

"हलवू नका याला यावरून. असंच गाडीत घ्या," त्या म्हणाल्या. म्हणून मीही रुग्णवाहिकेत गेलो. आणि ताई. तिला कोणी ये म्हटले नाही, कोणी अडवलेही नाही.

गाडीचे दार लावता लावता मैदानातून एक आवाज आला. एका कोपऱ्यातून, थोड्याच लोकांचा, पण आनंदाचा. बाकी सगळे मैदान गप्प होते. त्यावरूनच मला कळले. पंचांनी वाया गेलेला वेळ सगळाच्या सगळा वाढवून दिला होता. आपले दहा जण उभे होते, पण चेंडूकडे त्यांतला एकही बघत नव्हता. सगळे रुग्णवाहिकेकडे बघत होते. समोरच्यांनी गोल केला आणि आपण खंडाच्या स्पर्धेतून बाहेर पडलो.

दवाखान्यात खांबाला माझ्यावरून उतरवून आत नेले आणि मला बाहेर भिंतीला टेकवले. थोड्या वेळाने सगळा संघ आला, चिखलाच्या बुटांसकट. नर्सने त्यांना बूट काढायला लावले. अनवाणी, हरलेले, घाबरलेले ते लोक बाकड्यांवर ओळीने बसले. सामन्याचे कोणीही काही बोलले नाही. मास्तर ताईसमोर येऊन उभे राहिले. 

ताई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"ही शिवण कधीची उसवलीय?" तिने विचारले.

 धाकटा म्हणाला, "मागच्या मॅचपासून."

"मग मला का नाही सांगितलंत? दुकान काय लांब आहे का?"

"वर कुणी खरं झोपतच नव्हतं, ताई," धाकटा म्हणाला आणि रडू लागला.

ताईने पिशवी उघडली. दाभण आणि मेणाचा दोरा तिच्या पिशवीत कायम असे. तिने मला आडवा केला, माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि शिवायला घेतले. दाभण दोनदा तिच्या बोटात गेला. कप्तान उठला आणि फाटलेल्या कडा दोन्ही हातांनी जुळवून धरून तिच्यासमोर बसला. आतले दार मध्येच उघडे, सगळे दचकून वर बघत, कोणी नर्स निघून जाई, आणि ताई पुढचा टाका घाली. मला सुई टोचत होती आणि मला वाटत होते की ही शिवण कधी संपू नये. संपली तर ताई नंतर हातांचे काय करील?

दोन्ही ओळी पूर्ण झाल्या तरी दार उघडले नव्हते. तिने तिसरी ओळ सुरू केली. तिच्या मध्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांचे तोंड बघून कोणालाच काही ओळखता येईना.

"शुद्धीवर आलाय," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. "धोका टळलाय. पण मेंदूला मार आहे, यापुढे खेळणं नाही. स्कोअर काय झाला विचारतोय. मी म्हटलं, ताईला विचार."

ताई दाराशी गेली. आतले मला दिसत नव्हते, पण तिचा आवाज ऐकू आला.

"हरलात," ती म्हणाली. "झोप आता."

त्या वर्षीची खंडाची स्पर्धा आपल्याशिवाय झाली. मी ती भिंतीपलीकडून ऐकली. मास्तर स्वतःहून काम सोडून गेले. खांबाला एका कानाने ऐकू येत नाही आणि उन्हात त्याला गरगरते. आता तो ताईच्याच दुकानात कापड कापतो. त्याचे हात मोठे असल्यामुळे मालक खूश आहे.

पण आपल्या मैदानावर आता एक नवी रीत आहे. प्रत्येक सामन्याआधी, मैदान रिकामे असताना, ताई येते आणि माझ्या उशाकडची शिवण बोटांनी चाचपून बघते. मग सगळ्यांत जड माणूस माझ्यावर झोपवून दोघे भाऊ मला घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतात. डॉक्टरबाई बरोबर पळतात. खेळाडू खरा पडो की खोटा, आता सगळे पळतात. भिंगरीने मागे एकदा जुन्या सवयीने लोळण घेतली, तर डॉक्टरबाईंनी त्याची अशी काही तपासणी केली की तो पुन्हा पडलेला नाही.

आणि सगळ्यांत जड माणूस अर्थातच खांब. पहिल्यांदा झोपायच्या आधी तो माझ्यापाशी घुटमळला.

"ताई, शब्द मोडतोय हं."

"मोड," ताई म्हणाली. "पण डोळे उघडे ठेव."

मित्रांनो, मी अजूनही भित्राच आहे. तुमच्या शाळेत, कारखान्यात, दवाखान्याच्या कोपऱ्यात माझी भावंडे भिंतीला टेकून उभी असतील. जाता येता त्यांच्या शिवणीवरून एकदा हात फिरवा. कोणी झोपलेले नसते तेव्हाच ती शिवायची असते. आमच्यावर थट्टेने झोपू नका. आणि कोणी पडला तर तो खोटा आहे की खरा हे नंतर ठरवा, आधी पळा.

त्या पहिल्या दिवशी दोघे भाऊ मला घेऊन रिकाम्या मैदानावरून पळाले. डोके तिन्ही ओळींवर घट्ट बसले होते. मधोमध पोचल्यावर खांबाने मागे पळणाऱ्या धाकट्याकडे पाहिले आणि डोळा मारला. धाकटा पळता पळता हुंदके देऊ लागला, पण त्याने मला हातातून जराही घसरू दिले नाही.